बारशाचा पाळणा आणि माहेरचा दलाल

सुमे, कान इकडे कर. नाशिकचं बिऱ्हाड विरारला फुलपाड्यात हलवायचंय, आणि ट्रान्सपोर्टचा दलाल ठरवलास कसा, तर म्हणे फोनवर गोड बोलतो! अक्कल गहाण टाकलीस का गं? (मी टाकली होती, म्हणून विचारते.)

साताऱ्याच्या माळकरी व्याह्यांकडे मी सुक्या बोंबलांच्या वासाचा पाळणा पाठवला होता.

पाळणा सागवानी. आमची सगळी पोरं त्यातच झोपली, तर नातीचं बारसंही त्यातच, हा माझा हट्ट. वसईतला एक दलाल आला. त्याने चारी बाजूंनी टेप लावून मापं घेतली, शंभर प्रश्न विचारले, गाडीचा नंबर देतो म्हणाला, बिल्टी, म्हणजे मालाची पावती, देतो म्हणाला. मला वाटलं, हा पाळणा नेणार की माझा जबाब घेणार? दुसरा निघाला किनाऱ्यावरच्या कळंबचा, जिथे अंगणोअंगणी बोंबील वाळतात. माझं माहेर! "मावशे, तू तर आपलीच!" म्हणाला. संपलं! चहा, पोहे, पाळणा, सगळं त्याच्या हवाली.

"गाडीत बरोबर दुसरा माल कसला, विचारलंस?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"माहेरच्या माणसाची उलटतपासणी घेतात होय?"

(कळंबहून भरून निघालेल्या गाडीत असणार काय, गुलाबपाणी?)

बारशाच्या सकाळी लेकीचा व्हिडिओ कॉल. "आई, पाळण्यात काय घातलंयस?"

"गोधडी. का गं?"

"दारात मांजरं जमलीत! पाहुण्यांच्या आधी!"

मी इथून फोनवर बघतेय, तिकडे त्यांनी लिंबू चोळलं, चिंच चोळली, धूप घातला. मग काय, धुपवलेल्या बोंबलांचा घमघमाट! विहीणबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या, "शेजारचा पाळणा आणा." आणला. त्यात ठेवताच नातीने असा टाहो फोडला की मांजरंसुद्धा पळाली. शेवटी आमच्या पाळण्यात ठेवली, तर दोन झोक्यांत गाढ! बायकांनी पदराआडून गाणी म्हटली आणि बारसं पार पडलं.

"आजोळचं रक्त!" हे हसले.

मी तणतणत दलालाला फोन लावला. तो म्हणतो, "मावशे, भाडं पाळण्याचं घेतलं. पन वासाचं घेतलं काय?"

तेव्हा सुमे, गोड बोलण्याला भुलू नकोस, आधी चार प्रश्न विचार. नाहीतर राहू दे, तुझ्या सामानासाठी माणूस मीच बघून ठेवलाय. त्याला काही विचारायची गरज नाही, त्याची आजी कळंबची! तू फक्त लवकर ये गं माझ्याकडे उमेळ्याला. वाडीतली केळी पिकलीत.