रोसम्माचं नाव

चर्चमध्ये साक्ष द्यायला उभी राहते तेव्हा मी निम्मंच सांगते. मुलगी गेली, मी मोडून पडले, आणि येशूनं मला सावरलं — एवढंच. ऐकणाऱ्या बाया डोळे पुसतात. उरलेलं निम्मं मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. आज तुम्हाला सांगते. नीट जमेल का — माहीत नाही.

आम्ही म्हैसूरचे शिंपी. घरात विठोबा, एकादशी, भजन. बोलतो मराठी, भांडतो कन्नडमध्ये. माझी एकुलती एक सुजाता एकोणीस वर्षांची असताना तिच्या किडन्या निकामी झाल्या. चार महिने आम्ही हॉस्पिटलात काढले. तिथं रोसम्मा नावाची आया होती. रोज सकाळी हुणसूरहून बसनं यायची. सुजाताची वेणी तीच घालायची, तेल लावून, अगदी सावकाश. तिचा स्वतःचा मुलगा तळ्यात बुडून गेला होता. एकदा वेणी घालता घालता तिनं ते सांगितलं, आणि पुढचा पेड घेतला.

एवढं सोसून हिचा आवाज असा मऊ कसा? मला तेच कळत नव्हतं. एका दुपारी मीच विचारलं — मीच, हे लक्षात ठेवा — "रोसम्मा, ओठांतल्या ओठांत कुणाशी बोलतेस गं?"

"नको अम्मा. तुमच्या घरचे रागावतील."

मी तिचा हात धरला. मलाही शिकव म्हणाले. तेव्हा कुठं तिनं ती ओळ सांगितली — "येसप्पा, कै बिडबेडा." येशूबाबा, हात सोडू नकोस. एवढीच. विठोबाला मी सोडलं नव्हतं. पण हे म्हटलं की छातीवरचा दगड जरासा हलायचा. का? अजून सांगता येत नाही. सुजाता गेली त्या सकाळी मी तेच पुटपुटत होते, आणि रोसम्मानं माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

नंतर मी तिच्याकडून प्रार्थनेचं एक लहानसं पुस्तक मागून घेतलं. मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डब्याखाली ठेवलं. गिऱ्हाईक नसलं की वाचायचे. सहाएक महिन्यांनी ते मोठ्या भावजींच्या हाती लागलं. नवऱ्याचे थोरले भाऊ ते, समाजात त्यांच्या शब्दाला वजन.

"हे कुणी दिलं?"

नवरा मान खाली घालून उभा. 'मी मागितलं' — दोनच शब्द तर होते. कुणी मला मारणार नव्हतं. चार दिवस अबोला, भजनाला बोलावणं नाही, फार तर एवढंच. आणि मी म्हणाले, "त्या आयानं. पोर आजारी असताना सारखी मागंच लागली होती. ऐकलं नाही तर मुलगी वाचणार नाही, म्हणाली."

हे शेवटचं वाक्य मला सुचलं कुठून? तेवढं तर कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावजी मला घेऊन हॉस्पिटलात गेले. मॅनेजरच्या खोलीत मी तेच पुन्हा बोलले — तिच्या तोंडावर. "खरं का हे?" मॅनेजरनं तिला विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी टेबलाच्या काचेकडे.

"अम्मांनी पोटचं पोर गमावलंय," ती म्हणाली. "त्यांना काही विचारू नका."

स्वतःसाठी एक शब्द नाही. त्याच दिवशी तिचं काम गेलं.

पुढं भावजी वारले. नवरा एकदा आपणहून म्हणाला, "तिकडं बरं वाटतं ना तुला? मग जा." तेव्हापासून मी उघड चर्चला जाते. आणि खरं सांगू? तिथं मला शांती मिळते. जिला खोटं बोलून घालवलं, तिनंच दाखवलेल्या वाटेनं जाऊन मी शांत बसते. देव क्षमा करतो, असं चर्चचे पाळक सांगतात. करत असेल. पण माझा जीव तुटतो तो तिच्या आवाजासाठी, तेलानं माखलेल्या तिच्या बोटांसाठी. सुजाता शेवटची हसली ते आम्ही दोघींनीच पाहिलं होतं. त्याबद्दल मी कुणाशी बोलू?

गेल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्याहून परत येताना बस हुणसूरच्या स्टँडवर थांबली. दहा मिनिटं थांबणार, कंडक्टर म्हणाला. खिडकीतून पाहते तर समोरच्या बाकावर रोसम्मा. केस पांढरे, मांडीवर पिशवी. मी उठले. दारापर्यंत गेले, पायरीवर एक पाय ठेवला. तिनं मान वर केली. ओळखलं तिनं मला — लगेच ओळखलं. पिशवी उचलून जरा बाजूला सरकली, बाकावर माझ्यासाठी जागा केली.

मी मागं फिरले. सीटवर येऊन बसले, पदर पुढं ओढला, आणि बस सुटेपर्यंत मान वर केली नाही.