खुंट्यात उतरलेली वीज

ओतूरची मंगल डुंबरे कॉम्प्युटर दुरुस्त करते, हे गावाला पटायला दोन वर्षं गेली. तिचे सासरे गेणभाऊ आपल्या दुकानात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरायचे. लग्न होऊन आल्यावर ती त्यांच्याजवळ बसून तांब्याची तार गुंडाळायला शिकली. पुढं २००२ साली नारायणगावला हार्डवेअरचा कोर्स केला आणि सासऱ्यांच्याच दुकानात अर्ध्या टेबलावर कॉम्प्युटर उघडायला लागली. लोक गेणभाऊंना विचारायचे, "सूनबाईला जमंल का?" गेणभाऊ म्हणायचे, "मोटार काय न् कम्पुटर काय, वीज तीच. तिला आपलं-परकं कळत न्हाई, एवढं ध्यानात ठिवलं की झालं."

२००७ च्या ऑगस्टमध्ये मढच्या भरतचा फोन आला. भरत लग्नांची शूटिंग करायचा. पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला, कंपनीनंच जोडून दिलेला कॉम्प्युटर त्यानं घेतला होता आणि त्यावर मिक्सिंग करायचा. मशीन अडकतंय म्हणून त्यानं नवं ग्राफिक्स कार्ड आणून स्वतःच बसवलं, तर आता कॉम्प्युटर चालू होऊन लगेच बंद पडत होता.

"ताई, कार्ड खराब दिलंय जणू मला."

"कार्ड बरं असंल. आतला पॉवर सप्लाय बारका आहे, त्याला ते ओढवत नाही. मी मोठा घेऊन येते. तोवर बटण दाबू नका."

दुसऱ्या दिवशी ती जीपनं मढला गेली. पाऊस चार दिवस थांबला नव्हता. भरतचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला, शेवटच्या खांबाजवळ होतं. पडवीला लागून गोठा, गोठ्यात लोखंडी खुंट्याला साखळीनं बांधलेली एकच म्हैस. भरतची आई झुंबरबाई तिला वैरण टाकत होती.

मंगलनं कॅबिनेट उघडलं. नव्या पॉवर सप्लायचा प्लग मदरबोर्डवर बरोबर बसत होता. भरत म्हणाला, "बसला की! लावा राव."

"थांबा." तिनं मीटर काढला आणि जुन्या सप्लायच्या एकेका तारेचं व्होल्टेज वहीवर लिहून घेतलं. कॉम्प्युटरच्या कंपनीनं प्लगमधल्या तारांची जागाच बदललेली होती. प्लग जुळला म्हणून तसाच दाबला असता, तर बोर्ड जळून गेला असता. तिनं तारा कापून नव्यानं जोडल्या. स्क्रूची भोकं जुळेनात, तेव्हा कानशीनं घासून दोन जुळवली. मग कार्ड बसवलं. मधे लोडशेडिंगमध्ये गेलेली लाइट दुपारी दोनला परत आली आणि तिनं बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला. भरतनं एका लग्नाची अक्षता पडतानाची चित्रं पळवून बघितली. कुठंही अडकलं नाही. तो हसायलाच लागला.

मंगलनं झाकण लावायला हात घातला आणि तिच्या बोटांना मुंग्या आल्या. तिनं हात मागं घेतला.

"हे कधीपासून?"

"ते व्हय? पहिल्यापास्न हाय. आमाला सवय झाली."

तिनं भिंतीवरचा बोर्ड उघडला. सॉकेटमधल्या अर्थिंगच्या भोकातून बोटभर लांबीची तार काढून कुणीतरी न्यूट्रलला, म्हणजे वीज परत खांबाकडं नेणाऱ्या तारेला, जोडली होती.

"अर्थिंग न्हाई म्हणून यूपीएसवर लाल दिवा लागायचा," भरत म्हणाला. "वायरमननं ही तार टाकली तवा गेला."

"दिवा गेला, पण धोका तसाच राहिला. खांबावरचा न्यूट्रल सुटला, तर घरातली सगळी वीज परत जायला वाट शोधंल, आणि या तारंतून ती तुमच्या कॅबिनेटमध्ये येईल." तिनं ती तार सोडवून टेबलावर ठेवली. "खड्डा खणा, तांब्याची पट्टी पुरा, कोळसा न् मीठ घाला. खरं अर्थिंग करा. तोवर मशीन चालवू नका."

"उद्याच करतो, ताई."

निघताना तिनं वर पाहिलं. खांबावर, भरतच्या तारेच्या सांध्याशी पावसात बारीक निळं काहीतरी चुरचुरत होतं. तिनं ओतूरला येऊन वीज कार्यालयात तक्रार लिहून दिली. शेवटच्या खांबाचा न्यूट्रल बघा, असं स्वच्छ अक्षरात लिहिलं.

आठवड्यानं भरतचा फोन आला. काम झपाट्यानं होतंय म्हणाला.

"अर्थिंग केलं?"

"केलं की!" मग बोलता बोलता म्हणाला, "फकस्त बल्ब मधूनच बारीक व्हत्यात. शेजारी हौशीरामचा टीव्ही गेला."

मंगलनं लाइनमन आला होता का विचारलं. नव्हता आला. ती परत कार्यालयात गेली. माणूस पाठवतो, म्हणाले.

त्यानंतरचा फोन सप्टेंबरात आला, दुपारी अडीचच्या सुमारास. भरतला दुसरंच विचारायचं होतं, सीडी राइट होताना एरर का येते. मंगल सांगत होती, तेवढ्यात मागून झुंबरबाईचा आवाज आला. कुणाची तरी नजर लागली, भगताला बोलवा, असं काहीतरी.

"काय झालं आईंना?"

"काय न्हाई हो. म्हस दोन दिस झाले खुंट्यापाशी हुबी ऱ्हाईना. थरथरती. पाण्याला तोंड लावीना."

मंगलनं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"भरतभाऊ, अर्थिंगची तार कशाला जोडलीत?"

"खुंट्याला. लोखंडी हाय ना, चांगला तीन हात आत गेलाय. मीठबी घातलं."

"आणि ती बोर्डातली तार?"

"लाल दिवा परत लागला, ताई. मग टाकली तीबी."

"मेन स्विच पाडा. आत्ता. फोन ठेवा आणि पाडा."

"रेंडरिंग चाललंय. सत्तर टक्के झालंय. नवरदेव संध्याकाळी सीडी न्यायला येनार, सहाला लाइट जाती. एवढं झालं की पाडतो."

"भरत!"

फोन तुटला. तिनं पुन्हा लावला, लागला नाही. ती तशीच उठली. गेणभाऊंना म्हणाली, "म्हशीच्या खुंट्यात करंट उतरलाय," आणि रस्त्यावर येऊन समोर आली ती भरलेली जीप थांबवली. मागच्या फळीवर उभी राहून गेली. वाटेतल्या डिंगोरे गावाच्या पुढं पाऊस इतका वाढला की ड्रायव्हरनं गाडी हळू केली. ती पुन्हा पुन्हा फोन लावत होती. त्या भिजलेल्या गोठ्याच्या जमिनीवर कुठपर्यंत पाय टाकता येईल, याचा ती मनात अंदाज घेत होती, आणि तो अंदाज काही लागत नव्हता.

ती पोचली तेव्हा म्हैस खाली पडलेली होती. पाय ताठ झाले होते. झुंबरबाई अनवाणी चिखलातून तिच्याकडं निघाली होती, "माझी चंद्री" म्हणत.

"आई, मागं फिरा! हात लावू नका!"

म्हातारीनं ऐकलं नाही. वाकून तिनं साखळी धरली आणि तशीच तिरपी होऊन पडली. साखळी हातातून सुटेना. भरतची बायको अश्विनी किंचाळत पुढं धावली. मंगलनं तिचा दंड धरून तिला पडवीवर मागं ढकललं आणि स्वतः घरात पळाली. मागून कुणी तरी ओरडलं, "म्हातारी मरतीया न् ही घरात चालली!" मेन स्विच कुठं होता, ते तिला ठाऊक होतं. किंकाळी ऐकून भरत कॉम्प्युटरपुढून उठत होता, तेवढ्यात तिनं खटका खाली ओढला. कॉम्प्युटरचे पंखे तरी फिरत राहिले. यूपीएस ओरडायला लागला, तिनं त्याचीही पिन उपटली.

मग ती बाहेर आली आणि झुंबरबाईच्या छातीवर कान ठेवला. काळीज चालत होतं, पण बेभरवशाचं. रस्त्यावर थांबलेल्या त्याच जीपनं म्हातारीला ओतूरला दवाखान्यात नेलं. भरत सगळ्या वाटेत आईचा पाय धरून बसला होता.

झुंबरबाई वाचली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र आखडली ती कायमची. लाइनमन दुसऱ्या दिवशी आला. खांबावर न्यूट्रलची तार जळून तुटली होती, नुसती पावसात लोंबत होती. घरातली सगळी वीज बोर्डातल्या त्या बोटभर तारेतून खुंट्यात आणि खुंट्यातून जमिनीत जात होती. नव्या कार्डानं लोड वाढला, तशी ती जास्त जात होती.

मढमध्ये बोलणं वेगळंच झालं. त्या बाईनं कॉम्प्युटरातला डबा बदलला आणि म्हस मेली, असं. त्या रस्त्यावरच्या लोकांनी दोन वर्षं मंगलला काम दिलं नाही. तिला त्याचं फारसं वाटलं नाही. तिला दुसरंच खात होतं. ती तार तिनं सोडवली, पण भरतच्या टेबलावर ठेवून आली होती. खिशात घातली असती, तर? हे तिनं गेणभाऊंना एकदाच विचारलं. ते म्हणाले, "त्याला दुसरी गावली असती." मग दुकान बंद करताना म्हणाले, "तरी खिशात घालायची."

त्याच वर्षी दिवाळीनंतर आठवडी बाजाराला आलेली झुंबरबाई दुकानात शिरली. मंगलनं स्टूल दिलं. म्हातारी बसली, पण टेबलावर उघड्या पडलेल्या कॅबिनेटपासून स्टूल लांब ओढून.

"मी पडल्यापडल्या तुला बघितलं," ती म्हणाली. "तू घरात पळालीस. मनात लई शिव्या दिल्या म्या तुला."

"द्यायच्याच की. कुणीबी दिल्या असत्या."

"भरत आता खड्डा खणून बसलाय. पर मी आजून खुंट्यापाशी जात न्हाई. नवी म्हस आणली, तीबी म्या लांबूनच बघती." तिनं चहा डाव्या हातानं घेतला. "आमच्या आळीला आनखी किती घरात तसली तार आसंल गं?"

पुढच्या महिन्यात मंगल झुंबरबाईला बरोबर घेऊन त्या आळीतल्या घरांत मीटर घेऊन फिरली. नऊ घरं उघडली, चार घरांत तार निघाली. दहाव्या घरातल्या धर्माजीनं दारातच हात आडवा धरला. आमच्याकडं काही होत नाही, म्हणाला. आत कुठंतरी बल्ब बारीक झाला आणि पुन्हा नीट लागला. मंगलनं तो पाहिला, धर्माजीला दाखवला आणि परत विनवणी केली. त्यानं दार लावून घेतलं.