आईचं सांग

उन्हाळ्यात आमच्या आर्णीच्या गल्लीत पापड पाळीपाळीने होतात. आज हिच्या घरी, उद्या तिच्या. सकाळीच आम्ही आठ-दहा जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जमतो. लाट्या सुकू नयेत म्हणून पंखा बंद, कूलर बंद, खिडक्याही लावलेल्या. आणि एक नियम कोणी न सांगता सगळ्यांना पाठ आहे: जी आधी उठेल, तिच्यावर बाकीच्या बोलणार. म्हणून कोणीच उठत नाही. मान आखडली तरी बसायचं आणि घाम पुसत परक्या सुनांचा पंचनामा ऐकायचा.

यंदा मला ते सहन होईना. हिवाळ्यात माझी आई गेली होती. तेरवी झाली, माणसं पांगली आणि तिच्याबद्दलचं बोलणंच संपलं. घरी विषय काढला की नवरा म्हणायचा, "आता किती रडशीन?" मला रडायचं नव्हतंच. ती कशी हसायची, कशावरून चिडायची, हे कोणाला तरी सांगायचं होतं. नाही सांगितलं तर एक दिवस मीच विसरेन, अशी भीती मनात बसली होती.

त्या दिवशी धीर करून मी म्हटलं, "मले आईची लय आठवण येऊन राह्यली."

समोरची लाटता लाटताच म्हणाली, "येनारच व. पन पाटल्या कोणाले देल्या? तुले का भावजयीले?"

झालं. पाटल्यांवरून माझी भावजय, भावजयीवरून तिचं माहेर. मी खाली मान घालून लाटत राहिले. उठावंसं वाटत होतं, पण उठले असते तर माझी आईही त्यांच्या तोंडी सापडली असती.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या काकू उठल्या. आमच्यापासून दोन घरं पलीकडे राहणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. "गुडघे धरले माहे. चाल व, मले फाटकापर्यंत सोड."

फाटकाबाहेर कडुलिंबाखाली त्या थांबल्या. गुडघ्यांचं काही नव्हतं. "सांग," म्हणाल्या, "कशी होती तुही आई?"

इतके महिने मी याच प्रश्नाची वाट पाहत होते. आणि तोंडातून निघालं काय? "काकू, पाटल्या भावजयीनं न विचारता काढून घेतल्या. भावाचं तर तिच्यापुढं काही चालतच नाई..." मी सुटलेच. आवाजसुद्धा आतल्या बायांचाच.

काकूंनी माझा पिठाचा हात धरला. "ते नाई व. आईचं सांग."

मी आठवू लागले. डोळ्यांसमोर नुसत्या पाटल्याच. मग हाताला उडदाच्या पिठाचा वास आला.

"आई लाट्या चोरे," मी म्हटलं. "तेलात बुडवून. आमी पाह्यलं का तोंड मिटून हासे. गाल फुगलेला राहे तिचा."

काकू हसल्या. "अन् मंग?"

आतून हाक आली. "अवो, लाट्या सुकून राह्यल्या! फाटक काय नागपुरात हाय?" आणि हशा.

काकू घरी गेल्या. मी आत येऊन माझ्या जागी बसले. शेजारणीने लगेच विचारलं, "काय म्हने व म्हातारी?" सगळ्यांची लाटणी थांबली, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

मी एक लाटी उचलली, तेलात बुडवली आणि तोंडात टाकली. गाल फुगवून लाटत राहिले.