डोंगरगडपुढची रेंज

माझं काम म्हणजे रेल्वेलाईनवर मोबाईलची रेंज मोजणं. मोजणीच्या फोनांची बॅग मांडीवर घेऊन गाडीत बसायचं, फोन कुठं तुटते ते लिहायचं, मग कंपनी तिथं टॉवर लावते. आमच्या हुडको कॉलनीत माझा तोरा असा, का कोणाच्या घरात रेंज गेली तरी लोक मलेच आवाज देत. मी बी गच्चीवर जाऊन, कमरेवर हात ठेवून, वर पाहो. समजे काहीच नाही.

नागपूरले भाचीचं लग्न होतं, अन् नेमकी आम्ही निघायच्या दुपारीच माझ्या पोरीची नोकरीची पहिली मुलाखत, व्हिडिओ कॉलवर. ती म्हणे, "बाबा, तुम्ही जा पुढं. मी घरूनच मुलाखत देते अन् संध्याकाळच्या गाडीनं येते."

"कायले?" मी भडकलो. "बापानं अख्खी लाईन मोजली. डोंगरगडच्या पुढच्या जंगलात बी आता फोन तुटत नाही. सही आहे माझी रिपोर्टवर!"

बसली बिचारी फास्ट गाडीत. मुलाखत सुरू झाली, मस्त चालली. मग डोंगरगड सुटलं, गाडीनं वेग धरला, अन् स्क्रीनवरचा साहेब तोंड उघडं ठेवूनच थांबला. "हॅलो सर, हॅलो?" पोरगी म्हणून राहिली, आवाज रडका होऊन राहिला. मी फोन खिडकीले लावला, वर धरला, दारापाशी पळालो. समोरच्या बाई म्हणाल्या, "भैया, यहाँ तो रोज कटता है."

तवा मले आठवलं. अरे देवा! मी मोजणी केली होती लोकलमधून. नियम फास्ट गाडीत मोजायचा, पण लोकलमध्ये बसाले जागा भेटते अन् ठेसनाठेसनावर गरम भजे. गाडी अशी रमतगमत चालली का फोनले एक टॉवर सोडून दुसरा धराले टाईम भेटते. फास्ट गाडीत तो पहिला सोडेपर्यंत दुसरा बी मांगं जाते. हे सारं मले ठाऊक होतं.

पोरीले तिथंच खरं सांगून टाकलं.  गोंदियाले रेंज आली तशी ती मेल लिहाले लागली. मी भीत भीत डोकावलो. लिहिलं होतं, "वडील नको म्हणत होते, मीच हट्टानं गाडीतून मुलाखत दिली. चूक माझी आहे. कृपया अजून एक संधी द्यावी."

"खोटं कायले लिहिलं वो बाई?"

"फजिती एकाचीच होऊ द्या, बाबा."

मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मेलचं उत्तर आलंच नाही. पोरीनं मले कधी एक शब्द म्हटला नाही. म्हटला असता तर बरं झालं असतं.