दोरलिसाचा गप्प मंगळवार

पुएर्तो सापोते गावात साथ आली आहे की नाही, हे कळायला दोरलिसा शापियामाला अकरा वर्षांत कुठल्याही यंत्राची गरज पडली नव्हती. दुपारी चारला शाळेसमोरच्या मैदानात व्हॉलीबॉलची जाळी बांधायची आणि किती बायका येतात ते बघायचं, बस्स. इथल्या बायका नवरा रुसला तरी खेळायला येतात, चूल पेटलेली असली तरी येतात. सुल्मिरा तर पोट दिसायला लागल्यावरही चेंडू उचलत होती. शेवटी सातवा लागला तेव्हा दोरलिसाने तिला हाताला धरून बाकावर नेऊन बसवलं. तेव्हापासून ती बाकावरून दोन्ही संघांना शिव्या घालायची, निःपक्षपातीपणे. होणाऱ्या बाळाची धर्ममाता दोरलिसाच, हे ठरलेलं होतं; त्यामुळे दोघी एकमेकींना आत्तापासूनच ‘कोमाद्रे’ म्हणत. तर अशा बायका आल्या नाहीत, तर घरात ताप आहे समजायचं. एवढं साधं होतं सगळं.

दोरलिसा म्हणजे गावचं आरोग्य केंद्र. खांबांवर उभी असलेली ती फळ्यांची खोलीही होतीच म्हणा, पण ती रिकामी असली तर केंद्र बंद आणि दोरलिसा नदीवर कपडे धूत असली तर केंद्र नदीवर. अर्ध्या गावाला तिने सुया टोचल्या होत्या आणि उरलेल्या अर्ध्या गावाला जगात आणलं होतं. पगार बेताचा, नोकरी कराराची.

मग नदीच्या खालच्या अंगाच्या शहरातून इंजिनियर एफ्राइन बोकानेग्रा यांनी तिला प्रशिक्षणाला बोलावलं. दोन दिवस भिंतीवर चित्रं दाखवली. “आता साथ येण्याआधीच आपल्याला कळणार!” असं ते म्हणाले आणि सगळ्यांना एकेक टोपी, एकेक प्रशस्तिपत्र आणि गार झालेली कोंबडी मिळाली. पद्धत सोपी होती. दर मंगळवारी पाचच्या आत गावच्या फोनवरून एक नंबर फिरवायचा. तिकडून राजधानीच्या गोड आवाजातली यंत्रबाई विचारणार, तापाचे किती, जुलाबाचे किती, खोकल्याचे किती. आपण बटणं दाबायची. इंजिनियरसाहेबांच्या खोलीतल्या नकाशावर आपला गाव हिरवा, पिवळा नाहीतर लाल होणार. मंगळवार चुकला तर मात्र गाव करडा. करडा म्हणजे ‘शांत केंद्र’. शांत केंद्राला लेखी ताकीद, आणि तिसऱ्या ताकिदीला पुढचा करार नाही.

दोरलिसाच्या नावावर दोन ताकिदी आधीच जमा होत्या. एक, फोनच्या डिशवर वीज पडली म्हणून. दुसरी, फोन ज्यांच्या दुकानात आहे ते आबेलिनोकाका सासूच्या मयताला दुकान बंद करून गेले म्हणून. दोन्ही वेळा सुरुवातीला तिला वाईट वाटलं, आणि नंतर नवल वाटलं. कारण दोन्ही वेळा गुरुवारी मोठ्या इंजिनाची होडी आली होती, आणि तिच्यात डॉक्टर होती, सूक्ष्मदर्शकवाला होता, औषधांच्या चार पेट्या होत्या. नियमच तसा होता. केंद्र शांत झालं तर तिथे काय झालंय हे कुणालाच माहीत नसतं, म्हणून सगळंच घेऊन जावं. त्या दोन्ही आठवड्यांत गावात कुणाला साधं पडसंही नव्हतं. डॉक्टरने कंटाळून आबेलिनोकाकांच्या कोंबड्या तपासल्या होत्या.

यंदा मे संपता संपता मैदानात चारच बायका आल्या. दुसऱ्या दिवशी तीन. दोरलिसा घरोघर फिरली. चौदा जण थंडी वाजून, दात वाजवत पडले होते. हिवताप, आणि तोही वाईट जातीचा, असं तिला त्यांच्या चेहऱ्यांच्या रंगावरूनच वाटलं. बोटाला टोचून तिने काचेवर रक्ताचे ठिपके घेतले आणि केळ्यांच्या होडीबरोबर शहरात पाठवले. त्याचं उत्तर यायला तीन आठवडे लागतात. गोळ्या केंद्रात नव्हत्या, कारण गोळ्या येतात त्या कळवलेल्या आकड्यांप्रमाणे.

मंगळवारी तिने आकडा कळवला. “तापाचे रुग्ण?” यंत्रबाईने विचारलं. दोरलिसाने एक दाबलं, चार दाबलं.

“तापाचे रुग्ण, एक. जुलाबाचे रुग्ण, चार. खोकल्याचे रुग्ण, शून्य. आपल्या सहकार्याबद्दल आभार.”

पुएर्तो सापोतेत आठवड्याला नवाच्या वर रुग्ण होतील असं राजधानीत कुणाला वाटलंच नव्हतं, म्हणून गावाला एकाच आकड्याचा खाना दिला होता. दोरलिसाने पुन्हा फोन लावला, तर अहवाल मिळाल्याबद्दल पुन्हा आभार. शुक्रवारी केळ्यांच्या होडीने खरोखरच खोकं आलं. जुलाबावरच्या मीठ-साखरेच्या दोनशे पुड्या! गावात कुणाचंही पोट बिघडलेलं नव्हतं.

“संत्र्याच्या चवीच्या आहेत गं,” आबेलिनोकाका एक चाखून म्हणाले. “गार करून विकू का?”

“विका. सरकारी आहेत, पण विका. कुणाच्या तरी उपयोगाला येऊ देत.”

पुढच्या मंगळवारी रुग्ण बावीस झाले होते. यंत्रबाईशी वाद घालण्यात अर्थ नाही हे ओळखून तिने खान्यात मावेल तेवढा, म्हणजे नऊ, दाबला. शुक्रवारी दुकानातला फोन वाजला. खुद्द इंजिनियरसाहेब होते.

“बाई, नऊ?”

“नऊ नाही साहेब. बावीस.”

“खाना एका आकड्याचा आहे.”

“मग खाना वाढवा.”

“खाना राजधानीत आहे, बाई. आणि तुमच्या गावची सरासरी दोन. नऊ म्हणजे उघड उघड चूक. माझा नकाशा पिवळा झालाय आणि सोमवारी परदेशी पाहुणे येताहेत नकाशा बघायला.”

“त्यांना इकडेच पाठवा की. झोपायला जागा करते. शेजारी तापलेलं माणूसही देते.”

“मी दुरुस्ती करतो. दोन करतो.”

“करा. उरलेल्या विसांना काय सांगू?”

साहेबांनी क्षणभर विचार केला. “पाणी उकळून प्यायला सांगा,” म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी सुल्मिराला थंडी भरली. दोन गोधड्या, वर नवऱ्याचं जाकीट, तरी खाट हलत होती. उठून बसली की ओकायची. गावच्या लहान इंजिनाच्या होडीतून शहर दोन दिवसांवर; त्या उन्हात तिला तसं नेणं म्हणजे दोन जिवांशी खेळ होता. दोरलिसा रात्रभर उशाशी बसली. पहाटे सुल्मिरा डोळे न उघडताच म्हणाली, “कोमाद्रे, बाळ हलत नाहीये.”

दोरलिसाने पोटावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग आतून एक अशक्त लाथ आली. “हलतंय,” ती म्हणाली, “आळशी आहे, बापावर गेलंय.” आणि बाहेर जाऊन रडली.

मंगळवारी दुपारी तीनला ती दुकानात येऊन फोनजवळच्या पेटीवर बसली.

“लाव की,” आबेलिनोकाका म्हणाले.

“थंड काहीतरी द्या आधी.”

काकांनी बाटली दिली. तिने घोट घोट प्यायली. चार वाजले.

“दोरलिसा, पाचला बंद होतं ते.”

“माहीत आहे.”

“अगं, लाईन चांगली लागतेय. दोन दाब आणि मोकळी हो. त्यांना दोन आवडतात.”

“आवडतात, काका. म्हणून तर नाही दाबत.”

काकांच्या हळूहळू डोक्यात शिरलं. त्यांनी टोपी काढली. “तिसरी आहे ही तुझी.”

“मोजता येतं मला. दोन आकडी सुद्धा.”

“मग तुझ्या नावाने मी दाबतो! तुझी नोकरी तरी राहील!” काका उठले, तर दोरलिसाने फोन उचलून मांडीवर घेतला, आजारी लेकरू घ्यावं तसा, आणि पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत सोडला नाही.

पुएर्तो सापोते करडं झालं. बावीस जणांनी ज्या कचेरीची झोप मोडली नव्हती, ती कचेरी एका रिकाम्या खान्याने ताडकन उठली. गुरुवारी दुपारी मोठी होडी आली. सगळ्यांत आधी इंजिनियर बोकानेग्रा उतरले, अंगात नारिंगी जाकीट, हातात हत्यारांची पेटी.

“फोन कुठाय?”

काकांनी दाखवला. साहेबांनी कानाला लावला. “चालू आहे!” असं ते इतक्या दुःखाने म्हणाले की काकांनी त्यांना संत्र्याच्या चवीचं सरबत दिलं.

मागून तरुण डॉक्टरबाई आली. दोरलिसाने ओळ तयारच ठेवली होती. एकतीस माणसं, काही चालत आलेली, काही झोळीत. डॉक्टरबाईने ओळ बघितली, दोरलिसाकडे बघितलं, आणि बाह्या वर केल्या. सूक्ष्मदर्शकवाल्याने शाळेच्या बाकावर दुकान मांडलं. सुल्मिराची काच पहिली. वाईट जातीचाच निघाला. कडू गोळ्या सुरू झाल्या, नंतर सलाईन.

पुढे शहराच्या अहवालात आलं की पुएर्तो सापोतेची साथ यंत्रणेने वेळीच हेरली. पुढच्या खेपेला आलेल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणतात.

साहेबांनी जाण्यापूर्वी ताकीद दिली. त्यात शांततेचं कारण लिहायला रकाना होता. दोरलिसाने लिहिलं, ‘बोलून पाहिलं होतं.’ साहेबांनी वाचलं, एक प्रत घडी घालून खिशात टाकली आणि दुसरी तिच्या हातात दिली.

तिसऱ्या दिवशी सुल्मिराचा ताप उतरला. डोळे उघडून ती सगळ्यांत आधी म्हणाली, “मासळीचं सार कुणी केलंय का, की सगळ्या नुसत्या माझं तोंड बघत बसल्यात?”

“करते. गप्प पड.”

“हातात काय आहे तुझ्या?”

“शिक्षा. ऑगस्टची एकतीस झाली की करार संपला, मी घरी.”

सुल्मिराने पोटावर हात ठेवला.

“ऐकलंस ना रे? एकतीसच्या आत ये. नंतर सरकार दुसरी कोणी पाठवेल, आणि तिला आपलं काही माहीत नसणार.”

“तो येईल तेव्हा येईल,” दोरलिसा म्हणाली आणि चुलीकडे वळली. “नंतर आला तर मी फुकट येईन. पण मग शिव्या घालायच्या नाहीत.”

“ते जमणार नाही,” सुल्मिरा म्हणाली. “मीठ जरा जास्त घाल.”