माहेर, सासर आणि तीन फूट

माझं माहेर हदगावचं, सासर जळकोटचं. म्हणजे एक जिल्हा नांदेड, दुसरा लातूर. एरवी याचं कुणाला काही वाटत नाही. पण त्या दिवशी नांदेडच्या मैदानावर मुलींच्या बेसबॉलची उपांत्य मॅच होती. एका बाजूला नांदेड, दुसऱ्या बाजूला लातूर, आणि तिसऱ्या बेसजवळ पंच म्हणून मी उभी.

शाळेत असताना मी खेळले होते. लग्नानंतर, मुलगी जरा मोठी झाल्यावर, पंचाची परीक्षा दिली आणि पास झाले. एवढी मोठी मॅच मात्र पहिलीच. सोबत सासरे आले होते. त्यांना मी मामा म्हणते. किराणा दुकान सोडून ते सहसा कुठं जात नाहीत. बसमध्ये त्यांनी विचारलं, "तुझं काम काय असतंय तिथं?"

"पळणारी पोरगी रस्ता सोडून गेली का, ते बघायचं."

"चुन्याची रेघ असंल की. त्यात काय बघायचं?"

"चुन्याची रेघ चेंडूसाठी असते, मामा. तो आत पडला का बाहेर, ते कळायला. पळणारीची रेघ कुणी आखत नाही. चेंडू घेऊन कुणी तिला बाद करायला आलं, की त्या क्षणी ती जिथं असेल तिथून बेसपर्यंत सरळ रेघ धरायची. दोन्ही अंगाला तीन-तीन फूट. चेंडू चुकवायला त्याच्या बाहेर गेली, की बाद."

"म्हंजे रेघ तुझ्या डोळ्यात हाय," ते म्हणाले आणि कंधार येईपर्यंत झोपले.

शेवटच्या डावात नांदेड एका धावेनं पुढं होतं. लातूरच्या दोघी बाद झाल्या होत्या, दोघी बेसवर होत्या. चेंडू डावीकडं लांब गेला. दुसऱ्या बेसवरची मुलगी सुटली आणि वेग मोडू नये म्हणून तिसऱ्या बेसला मोठा वळसा घालून चुन्याच्या चांगलीच बाहेर आली. तेवढ्यात चेंडू नांदेडच्या तिसऱ्या बेसवालीच्या हातात आला आणि तिनं झेप घेतली. पळणारी जिथं होती तिथून नीट सरळ घराकडं, म्हणजे धाव पुरी होते त्या शेवटच्या बेसकडं, गेली. ग्लोव्ह तिच्या कमरेपासून थोडक्यात हुकला. मी दोन्ही हात पसरले. सेफ. धावा बरोबरीत आल्या.

नांदेडचा सगळा बाक उभा राहिला. त्यांचे प्रशिक्षक, पांढऱ्या मिशांचे, चालत माझ्याजवळ आले.

"मॅडम, पोरगी रेघेच्या किती बाहेरून गेली. सगळ्या मैदानानं पाहिलं."

"सर, ती आधीच बाहेर होती. चेंडू अंगावर आल्यावर ती वळली नाही. सरळच गेली."

मागून कुणीतरी म्हणालं, "बाई माहेर विसरल्या. सासरची ओढ लागली." लोक हसले. माझे कान तापले. मुख्य पंच जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "खात्री आहे?"

"आहे."

"मग झालं," म्हणत ते परत गेले.

लातूरची दुसरी मुलगी आता तिसऱ्या बेसवर आली होती. पुढचा फटका सरपटत गेला. ती घराकडं निघाली, पुढं चेंडू आलेला पाहून माघारी फिरली. घराजवळून फेकलेला चेंडू घेऊन तिसऱ्या बेसवाली समोर आली. तिला पाहताच ही आत गवतात शिरली, लांबून गोल फिरली आणि बेसवर पाय ठेवला. ग्लोव्ह लागलाच नव्हता. लातूरवाले टाळ्या वाजवत होते. मी मूठ वर केली. बाद.

आता दुसरा बाक उठला. त्यांच्या व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "अहो वहिनी, तिला हात तरी लागला का?"

"हात लागू नये म्हणून तर ती गवतात गेली, ताई. तिथंच बाद झाली."

"सासरचं मीठ खाता ना?" त्या म्हणाल्या. मी बेसजवळच्या माझ्या जागेवर परत गेले. पण कानांचा ताप उतरला होता. पोटात एक घट्ट आनंद बसला होता. दोन्ही वेळा मी नीट पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा माझा हात डगमगला नव्हता.

पुढच्या पाळीत नांदेडनं धाव काढली आणि मॅच जिंकली.

मामा लातूरच्या लोकांत बसले होते. खाली आले तेव्हा चेहरा फुललेला. "लोकं म्हणले, तुमच्या सुनंनं घात केला. मी म्हणलो, पोरगी गवतात गेलती, मला वरून दिसलं. मग लई भांडलो त्यांच्यासंगं."

संध्याकाळी मुख्य पंचांनी मला बोलावलं. अंतिम मॅचला घराजवळ उभे राहणारे पंच तापानं पडले होते. त्यांच्या जागी मी चालेन का, असं त्यांनी नांदेडच्या त्याच प्रशिक्षकांना माझ्यासमोर विचारलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"ह्यांना आज दोन्हीकडून बोलणी बसली," ते म्हणाले. "असाच पंच पाहिजे. आमची हरकत नाही."

सकाळी मी मास्क चढवला, छातीचं पॅड बांधलं आणि कॅचरच्या मागं वाकून उभी राहिले. पहिला चेंडू मधोमध आला. "स्ट्राइक!" माझा आवाज प्रेक्षकांच्या पार शेवटच्या पायरीपर्यंत गेला.