मालिकेतला वेडा आणि आमचा काका

टीव्हीवर पोलिसांची मालिका लागली की मी अजून उठून आत जाते. घरातले हसतात. हसू द्या. खून शेवटी वेड्यानंच केलेला निघणार, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळतं. केस पिंजारलेले, डोळे वटारलेले, उगाच खदाखदा हसणं. लिहिणाऱ्याला खुनाचं कारण सुचलं नाही की लावलं वेड, हाय काय अन् न्हाई काय!

पालमजवळच्या आमच्या गावात पहिला टीव्ही शेजारच्या दुकानदाराकडं आला, तेव्हा मी नववीत होते. रविवारी सगळी गल्ली त्याच्या ओसरीवर. मालिका हिंदीत असायच्या, पण निजामाच्या काळातल्या उर्दू शाळांच्या कृपेनं आमच्याकडं म्हाताऱ्यांनाही सगळं कळायचं. दर रविवारी एक साहेब एक खुनी पकडायचा, आणि त्यात वेड्याची पाळी लय लवकर लवकर यायची.

माझा धाकटा चुलता त्या ओसरीवर सगळ्यात मागं, खांबाला टेकून बसायचा. त्याच्या कानात आवाज यायचे. त्यांना तो हळूच उत्तरं द्यायचा, दिवसभर पुटपुटायचा. परभणीच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू होत्या. आयुष्यात त्यानं कुणाला साधी चापट मारली नव्हती. शेतात राबायचा, माझ्या आईला पाणी भरून द्यायचा. लग्न झालं नाही, कोण देणार पोरगी? पण वर्षातून एक दिवस अख्ख्या गावाचं त्याच्यावाचून अडायचं, पोळ्याच्या आदल्या दिवशी.

त्या दिवशी बैलांची शिंगं साळायची असतात. विळ्यानं वरचा खडबडीत थर तासून शिंग गुळगुळीत करायचं, मग रंग लावायचा. विळा जरा खोल गेला की रक्त येतं, आणि मग बैल माणसाला आडवं पाडतो. काकाच्या हातून रक्त कधी आलं नाही. तो बैलाच्या कानाशी पुटपुटत राहायचा आणि बैल डोळे मिटून उभा. आमच्या दारात सकाळपासून बैलांची रांग लागायची. एरवी त्याला 'येडं' म्हणणारे त्या दिवशी "तात्या, आमचं बी बघा," म्हणत ताटकळायचे.

त्या वर्षी पोळ्याआधीच्या रविवारी मालिकेतल्या वेड्यानं कोयत्यानं अख्खं घर कापून काढलं. कापताना तो पुटपुटत होता. ओसरीवरच्या सगळ्या माना मागं वळल्या. काका मात्र टीव्हीकडंच बघत होता.

पोळ्याच्या आदल्या दिवशी काका लवकर अंघोळ करून अंगणात बसला. एकही बैल आला नाही. शेजाऱ्यानं तर आपले बैल आमच्या दारावरनं पुढं नेले आणि दुसऱ्या कुणाच्या हातून शिंगं रक्ताळून परत आणले. तेही चाललं, पण काका नको. माझ्या ओठांवर आलं होतं, अरे मेल्यांनो, नामांतराच्या दंगलीत आपल्याच भागात दलितांची घरं पेटवली, त्यात एक तरी वेडा होता का? सगळे शहाणेसुरते, घरून जेवून गेलेले! पण बोलायला मला तोंडच नव्हतं. आदल्या सांजेला आई म्हणाली होती, "इळा ठिव गं कुठंतरी, उगं जिवाला घोर नको," आणि मी तो ज्वारीच्या कणगीत खुपसला होता. आज सांगताना लाज वाटते. तेव्हा नुसती भीती वाटत होती.

काकानं सगळं घर पालथं घातलं. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "पोरी, इळा हुडकायलोय. आपल्या बैलांची तरी शिंगं साळतो. दिसला का तुला?"

"न्हाई काका."

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग गोठ्यात गेला. आमचे बैल त्या पोळ्याला खडबडीत शिंगांवरच रंग फासून मिरवले.

पुढच्या रविवारी तो टीव्ही बघायला आला नाही. दिवेलागणीला स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला. आई भाकरी थापत होती, मी चुलीपाशी होते. त्यानं उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही.

"वैनी," तो म्हणाला, "त्या टीव्हीतल्या माणसाला बी आधी ठावं नव्हतं, आपल्या हातून काय हुईल ते. मला बी ठावं न्हाई. माझ्या खोलीला बाहीरून कडी घालीत जावा. लेकरं हायत घरात."

आईच्या डोळ्यांना धार लागली. "असं काय बोलायलाव भावजी," एवढंच म्हणाली. 'नको' म्हणाली नाही. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास घरभर झाला. काका आपल्या खोलीत गेला आणि त्यानं आपल्या हातानं दार ओढून घेतलं.

बाहेरून कडी मी घातली.